निसेकोच्या उतारावर परदेशी प्रशिक्षक म्हणून

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर निसेको हा स्की-परिसर आहे. तिथे दर हिवाळ्यात परदेशी प्रशिक्षकांची मोठी गरज भासते आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक आहे: तिथे येणाऱ्या पाहुण्यांपैकी पुष्कळांना जपानी येत नाही. ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, सिंगापूर, तैवान अशा ठिकाणांहून कुटुंबेच्या कुटुंबे आठवडाभरासाठी येतात, त्यांतील कित्येकांनी आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवलेला नसतो, आणि त्यांच्या मुलांना इंग्रजीतून किंवा मँडरिनमधून शिकवणारे कोणीतरी हवे असते. या गरजेवरच माझी तिथली नोकरी उभी होती. भुरभुरीत बर्फातून छातीपर्यंत बुडून उतरणाऱ्यांची छायाचित्रे भरपूर पाहायला मिळतात, मात्र ही नोकरी मिळवायची कशी, ती मिळाल्यावर दिवसभर नेमके काय करावे लागते आणि हातात किती पैसे उरतात, याबद्दल मला आधी फारसे वाचायला मिळाले नव्हते. म्हणून ही हकीगत थोडी तपशिलात लिहीत आहे.

स्की प्रशिक्षकाचा जगभर चालणारा एकच परवाना अस्तित्वात नाही, ही गोष्ट सर्वप्रथम समजून घ्यावी लागते. प्रत्येक देशाची स्वतःची संघटना, स्वतःच्या पातळ्या आणि स्वतःच्या परीक्षा असतात. ब्रिटन आणि कॅनडामध्ये चार पातळ्या आहेत, तर अमेरिकेत तीन. इंटरनॅशनल स्की इन्स्ट्रक्टर्स असोसिएशन ही संस्था १९७१ पासून या सगळ्यांना काही किमान दर्जाच्या धाग्याने बांधते खरी, पण एखाद्या देशात तुम्हाला काम करू द्यायचे की नाही, हे शेवटी तो देशच ठरवतो. फ्रान्सचे उदाहरण या व्यवसायात नेहमी दिले जाते. तिथे पूर्ण परवान्यासाठी युरोटेस्ट नावाची घड्याळ लावून घेतलेली जायंट स्लॅलमची (खांबांच्या जोड्यांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीची) चाचणी पार करावी लागते, आणि मार्ग उघडून देणाऱ्या स्पर्धकाच्या प्रमाणित वेळेपेक्षा पुरुषांना १८ टक्क्यांपर्यंत व स्त्रियांना २४ टक्क्यांपर्यंतच जास्त वेळ घेण्याची मुभा असते. लहानपणापासून शर्यतीत उतरलेल्यांनाही ही चाचणी अनेकदा द्यावी लागते. मी मोठेपणी स्की शिकले, त्यामुळे आल्प्सचा विचार मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला आणि त्याचे मला दुःखही झाले नाही.

जपानचा रस्ता वेगळा होता. भारतीय पारपत्रावर जपानचा वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळत नाही, त्यामुळे ऑस्ट्रेलियन किंवा ब्रिटिश तरुण ज्या सहजतेने हंगामापुरते येऊन कामाला लागतात, ती सहजता आपल्या वाट्याला येत नाही. खेळाच्या प्रशिक्षकांसाठी कुशल कामगार या वर्गातला व्हिसा होता, मात्र त्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागे, आणि हंगामी व्यवसायात तीन वर्षांचे महिने जमवायचे म्हणजे कित्येक हिवाळे खर्ची घालावे लागतात. पुढे जपानी शासनाने ठराविक संस्थांची ठराविक पातळीची प्रमाणपत्रे असलेल्या स्की प्रशिक्षकांसाठी ‘विशेष निर्दिष्ट कार्य’ या वर्गात वाट मोकळी केली. वय किमान १८ असावे आणि वेतन त्याच कामासाठी जपानी माणसाला मिळणाऱ्या वेतनापेक्षा कमी नसावे, अशा अटी त्यात आहेत. दुसरी अट मला विशेष आवडली, कारण परदेशी माणूस स्वस्तात मिळतो म्हणून त्याला आणायचे, या विचाराला ती निदान कागदावर तरी आळा घालते.

प्रमाणपत्रासाठी मी न्यूझीलंडला गेले. दक्षिण गोलार्धात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हिवाळा असतो, त्यामुळे तिथे परीक्षा देऊन डिसेंबरमध्ये जपानला कामावर रुजू होता येते आणि वर्षभरात दोन हिवाळे पदरात पडतात. या धंद्यातले बरेच लोक वर्षानुवर्षे असेच हिवाळ्यामागून हिवाळा गाठत राहतात. क्वीन्सटाउन आणि वानाका या दोन गावांच्या आसपास कोरोनेट पीक, रिमार्केबल्स, कार्ड्रोना आणि ट्रेबल कोन ही स्कीक्षेत्रे आहेत. तिथले डोंगर उघडेबोडके, झाडांचा पत्ता नाही, वारा भन्नाट आणि बर्फ बहुधा घट्ट, सकाळी तर काचेसारखा. शिकण्यासाठी ही जागा निर्दय म्हणावी अशीच आहे. घट्ट बर्फावर स्कीची कड नीट रोवली गेली नाही, तर ती तत्काळ घसरते आणि आवाजही करते, त्यामुळे तुमची चूक मागे उभ्या असलेल्या परीक्षकाला पाहावी लागत नाही, नुसती ऐकू येते.

न्यूझीलंडच्या प्रशिक्षक संघटनेच्या अभ्यासक्रमात सर्वाधिक वेळ कशावर जातो, याचा माझा अंदाज साफ वेगळा होता. मला वाटले होते, तीव्र उतार, उंचवटे, वेग. प्रत्यक्षात आमचा बहुतेक वेळ नवशिक्यांच्या, जवळजवळ सपाट भासणाऱ्या उतारावर गेला. दोन्ही स्कींची टोके जवळ आणि शेपट्या दूर ठेवून हळूहळू सरकायचे, ज्याला वेज किंवा स्नोप्लाउ म्हणतात, आणि त्याच स्थितीत एकसारख्या गोलाईची वळणे घ्यायची, असा तो सराव होता. हे करताना वरचे शरीर हलता कामा नये, वळण सुरू करताना खांदा पुढे झुकता कामा नये, दोन्ही पाय एकाच वेळी आणि सारखेच वळले पाहिजेत. जो माणूस वर्षानुवर्षे वेगाच्या आधाराने तोल सांभाळत आला आहे, त्याचा तो आधार काढून घेतला की त्याच्या सगळ्या सवयी उघड्या पडतात. आमच्या गटात एक जण उत्तम स्कीपटू होता, खोल बर्फातून तो डोळ्यांचे पारणे फिटेल असा उतरे. त्याला या संथ वेजने रडकुंडीला आणले. परीक्षकांचे म्हणणे साधे होते: समोरचा विद्यार्थी तुमच्या पायांकडे पाहून शिकणार आहे, तेव्हा तुमची हालचाल त्याला लांबून वाचता आली पाहिजे. माझ्या मते या पेशाचा सगळा गाभा या एका अपेक्षेत आहे, आणि पुढे निसेकोत काम करताना तिची आठवण येत राहिली.

परीक्षेचा दुसरा भाग शिकवण्याचा होता. सहकाऱ्यांनाच विद्यार्थी मानून त्यांना एक छोटा पाठ द्यायचा, प्रात्यक्षिक दाखवायचे, सराव करून घ्यायचा आणि प्रत्येकाला एकच सूचना द्यायची. ही ‘एकच’ अट कठीण असते. समोरच्याच्या पाच गोष्टी चुकलेल्या दिसतात, त्यांपैकी बाकीच्या चार जिच्यामुळे चुकतात ती नेमकी कोणती, हे ओळखून तेवढीच बोलायची. उदाहरणार्थ, एखादी व्यक्ती मागे रेलून उभी असेल, तर तिच्या स्कीची टोके हलकी होतात, वळण उशिरा सुरू होते, मग ती शरीराने जोर लावते आणि शेवटी पडते. तिला वळणाबद्दल काहीही सांगून उपयोग नसतो; नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली ठेव, एवढेच सांगायचे. याशिवाय प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते आणि मुलांना शिकवायचे असल्याने पोलिसांकडून चारित्र्य-पडताळणीही होते. या दोन्ही कागदांच्या मूळ प्रती जपून ठेवाव्यात, कारण पुढे प्रत्येक शाळा त्या मागते.

अर्ज मी न्यूझीलंडमधूनच पाठवले. निसेकोतल्या शाळा उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यातच भरती सुरू करतात, कारण कागदपत्रांना वेळ लागतो. अर्जासोबत प्रमाणपत्रे, शिकवलेल्या तासांची नोंद आणि काही शाळांना उतरतानाची छोटी चित्रफीत हवी असते. मुलाखत दूरदृश्य संवादाने झाली आणि तिच्यात माझ्या स्की-कौशल्यावर जवळजवळ प्रश्नच आले नाहीत. चार वर्षांचे मूल आईपासून सुटत नसेल तर काय कराल, गटातल्या एकालाच शौचालयाला जायचे असेल आणि बाकीचे उतारावरून वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत असतील तर काय कराल, पाहुणा स्वतःला मध्यम दर्जाचा म्हणवतो पण वर गेल्यावर तो नवशिका निघाला तर त्याला खाली कसे आणाल, असे सगळे प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक तयार ठेवावे. अशा माणसाला स्की उताराला आडव्या ठेवून, कडा हळूहळू सोडत, कडेकडेने घसरवत खाली आणता येते आणि त्यासाठी त्याचा आत्मसन्मान दुखावण्याची गरज पडत नाही.

एका शाळेने मला आधी पर्यटक म्हणून या, कागदांचे नंतर पाहू, असे सुचवले. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, पण असे सुचवणारे भेटतात हे सांगणे आवश्यक आहे. पर्यटक म्हणून प्रवेश मिळालेल्या माणसाने पगारी काम करणे जपानमध्ये बेकायदा आहे, पकडले गेल्यास देशाबाहेर काढले जाते आणि पुढची वर्षे परत येण्याची वाट बंद होते. त्यात अपघात झाला, तर विम्याचा आधारही राहत नाही. मी नकार दिला आणि ज्या शाळेने करारपत्र आधी पाठवले, तिची निवड केली.

ते करारपत्र मी अनेकदा वाचले, आणि जो कोणी या वाटेने जाऊ इच्छितो त्याला माझे सांगणे आहे की पगाराच्या आकड्याआधी तासांची हमी पाहावी. प्रशिक्षकाला बहुधा शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात. नाताळ, नववर्ष आणि चांद्र नववर्षाच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला आणि मार्च उतरताना कित्येक सकाळी गणवेश घालून उभे राहायचे आणि काम न मिळता परतायचे, असे होते. महिन्याला किमान किती तासांचे वेतन मिळेल, हे करारात नसेल तर वरचा दर कितीही आकर्षक असला तरी त्यावर घरभाडे भागत नाही. राहण्याची सोय शाळा करते आणि तिचे भाडे पगारातून कापते. एखाद्या पाहुण्याने नाव घेऊन तुम्हालाच मागितले, तर त्या तासांचा दर वाढतो. सुरुवातीला ही किरकोळ तरतूद वाटते. हंगामाच्या मध्यावर लक्षात येते की जुन्या प्रशिक्षकांची खरी कमाई त्यातूनच होते.

जपानमध्ये व्हिसाआधी निवास-पात्रतेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी अर्ज तुमच्या वतीने तिथली शाळा इमिग्रेशन कार्यालयात करते. तुम्ही फक्त कागद पाठवायचे आणि वाट पाहायची. नावाचे स्पेलिंग पारपत्रावर, प्रमाणपत्रावर आणि करारावर तंतोतंत सारखे असावे, मधले नाव एका ठिकाणी असून दुसऱ्या ठिकाणी नसणे एवढ्यानेही पत्रव्यवहार वाढतो. ते प्रमाणपत्र हाती आल्यावर दूतावासातला व्हिसा त्या मानाने लवकर मिळाला. साप्पोरोजवळच्या न्यू चितोसे विमानतळावर उतरल्यावर तिथेच निवासपत्र हातात देतात, आणि राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत नगर कार्यालयात जाऊन तो पत्ता नोंदवावा लागतो. आमच्यासाठी ते कार्यालय कुच्चान या गावी होते. तिथल्या कर्मचारी बाईंनी माझा पत्ता निवासपत्राच्या मागच्या बाजूस लिहून दिला, आरोग्य विम्याबद्दल चौकशी केली आणि सगळे काम इतक्या निमूटपणे उरकले की बाहेर आल्यावर काही राहिले तर नाही ना, म्हणून मी कागद पुन्हा तपासले.

कराचा मुद्दा मात्र बऱ्याच नव्या लोकांना पहिल्या पगारपत्रकावरच कळतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या करारावर येणारा माणूस करासाठी सामान्यतः अनिवासी मानला जातो आणि त्याच्या वेतनातून सरसकट २०.४२ टक्के प्राप्तिकर कापला जातो. कमी उत्पन्नाची सवलत त्याला मिळत नाही. बँकांनाही सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहणारा ग्राहक अडचणीचाच वाटतो, त्यामुळे पगार कोणत्या मार्गाने मिळणार, हे शाळेला आधीच विचारून ठेवावे.

हंगाम सुरू होण्याआधी शाळेचे स्वतःचे प्रशिक्षण होते, आणि त्यात परिसराची ओळख करून दिली गेली. निसेको अन्नुपुरी या १,३०८ मीटर उंचीच्या डोंगरावर ग्रँड हिराफु, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी अशी चार क्षेत्रे आहेत आणि एकाच पासवर ती सगळी फिरता येतात. सायबेरियाकडून येणारा थंड, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतो आणि या डोंगरांना अडून तो ओलावा बर्फाच्या रूपाने खाली टाकतो. एका हंगामात दहा मीटरहून अधिक बर्फ पडतो आणि जानेवारीत तर सूर्यदर्शन ही बातमी ठरते. आकाश उघडलेच, तर समोर योतेई हा १,८९८ मीटरचा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी दिसतो. १९१२ साली थिओडोर फॉन लेर्ख हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला अधिकारी याच डोंगरावर स्की घेऊन चढला होता. त्याआधी १२ जानेवारी १९११ रोजी त्याने निइगाता प्रांतातल्या ताकादा इथे जपानी सैनिकांना स्कीचे पहिले धडे दिले होते, तेही हातात एकच लांब काठी घेऊन. जपानला स्की शिकवणारा पहिला माणूसच परदेशी होता, हे आमच्या जपानी प्रमुखांनी आम्हाला हसत सांगितले आणि लगेच पुढे जोडले की त्याची एका काठीची पद्धत मात्र जपानने पुढे सोडून दिली.

दिवसाची सुरुवात सकाळच्या बैठकीने होई. हवामान, बंद असलेल्या लिफ्ट, हिमस्खलनाचा अंदाज, आणि मग नावे व गट. निसेकोत क्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या दोरीखालून जाण्यास सक्त मनाई आहे. क्षेत्राबाहेर जायचे तर ठरवून दिलेल्या फाटकांतूनच, आणि फाटक बंद असेल तर नाही म्हणजे नाही. आमच्या शाळेत पाठ चालू असताना फाटकाबाहेर जायला प्रशिक्षकांना परवानगी नव्हती. श्रीमंत पाहुणे या बाबतीत बराच आग्रह धरतात, आणि गणवेशातल्या माणसाने तिथे ठाम राहणे, हा नोकरीचाच भाग असतो.

माझ्या वाट्याला बहुतेक वेळा लहान मुले आणि पहिल्यांदाच आलेले प्रौढ असत, आणि त्यांचा पाठ बर्फावर सुरू होतच नसे. तो सुरू होई बुटांपाशी. भाड्याचे बूट घातलेल्या मुलापुढे गुडघ्यावर बसून मी आधी त्याची पँट वर करत असे. थंडी वाजू नये म्हणून पालकांनी दोन-तीन मोजे चढवलेले असतात, आतली थर्मल विजार बुटात खोचलेली असते, आणि तिची एक घडी नेमकी नडगीवर आलेली असते. स्कीच्या बुटात हीच घडी तासाभरात असह्य होते. एकच पातळ मोजा ठेवायचा, विजार बुटाच्या काठावर संपेल अशी वर घ्यायची, टाच मागे ठोकून बसवायची आणि मग घोट्याजवळचा बकल आधी लावायचा. मुलगा रडतो आहे तो घाबरल्यामुळे की त्याचा पाय दुखतो आहे म्हणून, हे ओळखता आले की निम्मे काम झाले. बूट नीट बसल्यावर जे मूल गप्प झाले, त्याला भीती कधी नव्हतीच. बूट स्कीला जोडून ठेवणारे बाइंडिंग किती जोर बसल्यावर सुटावे, याची मात्र भाड्याचे दुकान वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून जुळवणी करते. त्याला प्रशिक्षकाने हात लावायचा नसतो.

त्यानंतरचा क्रम जगभर साधारण सारखाच आहे. आधी एकच स्की घालून सपाटीवर चालायचे आणि सरकायचे, मग दोन्ही, मग मॅजिक कार्पेट या सरकत्या पट्ट्यावरून थोडे वर जाऊन सरळ खाली, आणि मग वेजने थांबायचे. मुलांना वेजसाठी पिझ्झा आणि सरळ स्कींसाठी फ्राइज हे शब्द सांगितले जातात आणि मँडरिन बोलणाऱ्या मुलांनाही ते आधीच माहीत असतात. ज्या मुलाला माझा एक शब्दही कळत नसे, त्याच्यापुढे मी उलटे तोंड करून, त्याच्याकडे पाहत, माझी वेज करून मागे मागे सरकत असे आणि ते माझ्या स्कींचा आकार पाहून आपल्या स्की तशा करी. न्यूझीलंडमधल्या त्या कंटाळवाण्या सरावाचे मोल तिथे रोज कळले.

खोल ताजा बर्फ हे निसेकोचे आकर्षण असले, तरी नवशिक्यासाठी ते संकटच आहे. पहाटे यंत्राने सपाट केलेल्या उतारावर अकरा वाजेपर्यंत नवा थर साचतो, स्की त्यात रुततात आणि वेज उघडता येत नाही. पडलेल्या माणसाच्या बुटाखाली बर्फ घट्ट चिकटतो आणि मग बूट बाइंडिंगमध्ये बसतच नाही. काठीच्या टोकाने किंवा बाइंडिंगच्या पुढच्या भागावर घासून तो खरवडून काढावा लागतो. एका पाठात ही खरवड किती वेळा होते, त्याला गणती नाही. स्की पायातून सुटून बर्फाखाली गेली, तर लोक हमखास खालच्या बाजूला शोधतात. ती बहुतेकदा जिथे सुटली तिथेच, म्हणजे माणूस जिथे येऊन थांबला त्याच्या वरच्या बाजूला असते. दुसरी स्की आडवी धरून बर्फात करवतीसारखी फिरवत जायचे, म्हणजे ती खट्‌ करून लागते.

वादळी दिवसांत खुर्चीच्या लिफ्टवर मुलांना नेणे, हे मला सगळ्यांत जोखमीचे काम वाटे. एका खुर्चीवर प्रशिक्षक असतो, पण गटातली बाकीची मुले मागच्या खुर्च्यांवर येतात, म्हणून रांगेतल्या अनोळखी प्रौढांना विनंती करून प्रत्येक मुलाशेजारी एक मोठा माणूस बसवावा लागतो. दांडी खाली घ्यायची, मागे टेकून बसायचे, वर गेल्यावर स्कीची टोके उचलायची, हे सगळे आधी सपाटीवर बाकावर बसवून करून घ्यायचे. वर पोहोचताच प्रत्येकाच्या नाकाकडे आणि गालांकडे पाहायचे. त्वचेवर पांढरट, मेणासारखा डाग दिसला, तर ती हिमदंशाची सुरुवात असते. तो भाग चोळायचा नाही, उबदार हाताने झाकायचा आणि मुलाला आत न्यायचे. मुलांना स्वतःला तो डाग जाणवत नाही, कारण तिथली संवेदनाच गेलेली असते.

पालकांशी बोलणे, ही या नोकरीची दुसरी बाजू. एका दिवसात मूल वरच्या लिफ्टवरून उतरेल, अशी अपेक्षा घेऊन आलेल्या वडिलांना, ते मूल आज नीट थांबायला शिकले एवढेच सांगायचे असते, आणि तेही असे की दिलेले पैसे वाया गेले असे त्यांना वाटू नये. मी हळूहळू एक पद्धत धरली: दुपारी पालक येताच बोलण्याआधी मुलालाच करून दाखवायला लावायचे. थांबणे म्हणजे काय, हे उतारावर उभ्या असलेल्या बापाला चटकन पटते, कारण समोरून त्याचेच मूल त्याच्या दिशेने येत असते. दुसऱ्या दिवशी नाव घेऊन मागणी येते ती बहुधा अशाच वेळी.

जपानी सहकाऱ्यांकडून मी शिकले ते मुख्यतः व्यवस्थेबद्दल. गट उतारावर थांबवायचा तर कडेला, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या स्की एकाच दिशेला. वरून येणाऱ्याला वाट मोकळी. उतारावर पुढे असलेल्याचा हक्क आधी, हा आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या दहा नियमांतला नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. परदेशी प्रशिक्षकांमध्ये मोकळेपणा आणि विनोद अधिक, मुले त्यांच्यापाशी लवकर रमत. पण दिवस संपल्यावर एकही हातमोजा हरवलेला नाही, असे गट बहुधा जपानी सहकाऱ्यांचेच असत. दोन्ही गोष्टी एकाच माणसात क्वचित आढळतात, आणि शाळेच्या प्रमुखांना ते ठाऊक असावे, कारण मोठ्या गटांवर ते मुद्दाम जोडी लावत.

शरीराचे हाल होतात, ते वेगाने स्की केल्यामुळे नव्हे. वाकून वाकून पाठ धरते, मुलांना उचलून अंगठ्यांचे सांधे दुखतात, आणि सतत वेजमध्ये मागे सरकल्याने गुडघ्यांच्या आतल्या बाजूला ठणका लागतो. आजारी पडले की तास बुडतात आणि तासांबरोबर पैसेही, त्यामुळे लोक सर्दी-ताप अंगावर काढतात आणि सामायिक खोलीतल्या सगळ्यांना तो प्रसाद मिळतो. स्वतःसाठी स्की करायला रात्रीचे दिवे लागलेले उतार किंवा सुटीचा दिवस मिळतो. त्या दिवशी बर्फ चांगला असला तरी कित्येकदा मी झोपून राहणे पसंत केले.

पैशांचा हिशेब सरळ आहे. विमानप्रवास, व्हिसा, विमा, स्वतःचे बूट आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासक्रमाचे शुल्क धरले, तर पहिल्या हंगामात काहीही शिल्लक पडत नाही; त्या वर्षी खर्च आणि उत्पन्न जुळले तरी बरे म्हणावे. पुढे अभ्यासक्रमाचा खर्च गळतो, नावाने मागणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढते आणि मग थोडी बचत होऊ लागते. वरच्या पातळीचे प्रमाणपत्र मिळवल्यास दर वाढतो, पण त्या परीक्षेसाठी पुन्हा दक्षिणेकडचा एक हिवाळा आणि त्याचा खर्च आलाच. निवासाची मुदत करारापुरतीच असल्याने हंगाम संपताच देश सोडावा लागतो.

मार्च सरत आला की तास कमी होतात, दुपारी बर्फ ओला आणि जड होतो, आणि शाळा पुढच्या वर्षी येणार का, अशी विचारणा करणारा अर्ज प्रत्येकाच्या हाती देते. त्यावर तीन गोष्टी भरायच्या असतात: कोणत्या तारखेपासून उपलब्ध आहात, नवी प्रमाणपत्रे कोणती, आणि कोणत्या भाषांतून शिकवू शकता. मी भाषांच्या रकान्यात या वेळी मँडरिनसमोर ‘प्राथमिक’ असे लिहिले, कारण थांब, वळ, पाय दुखतो का आणि शौचालयाला जायचे आहे का, एवढे मला आता विचारता येते. मग नगर कार्यालयात जाऊन देश सोडत असल्याची नोंद केली, शाळेकडून वेतन व कराचा दाखला घेतला आणि विमानतळावर निवासपत्र परत केले. निवास-पात्रतेचा अर्ज पुढच्या हंगामासाठी पुन्हा पहिल्यापासून करायचा असल्याने नव्या छायाचित्रांसह सगळे कागद मी निघण्याआधीच शाळेच्या कार्यालयात देऊन ठेवले.